नवा कर्नल, जुना लॅपटॉप

वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या न्यायालयात आपल्या दाव्याची पुढची तारीख काय पडली, हे आता शेतकऱ्याला बांधावर उभे राहूनही मोबाइलवर पाहता येते. त्या तारखेमागची संगणकव्यवस्था लिनक्सवर उभी आहे, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे संगणकीकरण करणाऱ्या ई-कोर्ट्स प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली आणि ‘उबुंटू’ ही लिनक्सची आवृत्ती न्यायालयांच्या गरजेप्रमाणे बेतून घेतली. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी ‘सीआयएस’ ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने पुण्यात घडवली. प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१५ ते २०२३ असा चालला. त्यासाठी १,६७० कोटी रुपयांची तरतूद होती आणि १८,७३५ न्यायालये त्यात आली. न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांना उबुंटूचे रीतसर प्रशिक्षण मिळाले. लिनक्स हा पुण्या-बंगळुरूच्या इंजिनिअरांचा प्रांत आहे, असे आता म्हणता येत नाही.

दुसऱ्या वाटेनेही लिनक्स तालुक्याच्या गावी पोहोचते आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्याला चालत नाहीत. कॉलेजात घेतलेला, अजून धडधाकट असलेला लॅपटॉप मग एका रात्रीत ‘जुना’ ठरतो. अशा यंत्रावर कुणीतरी भाचा किंवा मित्र लिनक्सची उबुंटू नाहीतर मिंट ही आवृत्ती बसवून देतो. यंत्र हलके होते, कामे चालू लागतात, सगळे खूश असतात. आणि काही महिन्यांनी एका सकाळी अपडेट येते, लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि वायफाय गायब.

इथून पुढे काय होते, ते बहुतेकांना पाठ आहे. लॅपटॉप दुकानात जातो. “भाऊ, कार्डच गेलं असंन, बदलून टाका,” असा सल्ला मिळतो. कार्ड गावात मिळत नाही. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, तरी सुट्या भागांसाठी पावले अजून अकोल्याकडेच वळतात. दोन-चार दिवस आणि हजार-पंधराशे रुपये खर्ची पडतात, आणि पुष्कळदा नवे कार्ड लावूनही वायफाय येत नाही. कारण कार्ड गेलेलेच नसते. बदललेला असतो कर्नल.

कर्नल म्हणजे काय, हे मंगरूळपीरच्या बाजार समितीत उभे राहून चांगले समजते. सोयाबीन आणणारा शेतकरी आणि ते घेणारा व्यापारी यांच्यामध्ये अडत्या असतो. मालाची बोली, माप, हिशेब सगळे त्याच्यामार्फत होते. लॅपटॉपवर ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ ही सगळी सॉफ्टवेअर आणि खाली वायफाय कार्ड, स्क्रीन, टचपॅड, स्पीकर हे हार्डवेअर यांच्यामध्ये कर्नल बसलेला असतो. प्रत्येक भागाशी बोलायचे त्याचे वेगवेगळे प्रोग्राम असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. लिनस टोरव्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये कर्नलची पहिली आवृत्ती खुली केली, तेव्हा ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज हा आकडा तीन कोटींच्या पुढे गेला आहे आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरच्या आहेत.

दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल बाहेर पडतो. प्रत्येक वेळी दहा ते पंधरा हजार बदल त्यात झालेले असतात. हे सगळे बदल वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्या लॅपटॉपवर येतात. उबुंटूची २२.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये ५.१५ क्रमांकाचा कर्नल घेऊन आली. पुढे दोन वर्षांत त्याच आवृत्तीवर टप्प्याटप्प्याने ५.१९, ६.२, ६.५ आणि ६.८ हे कर्नल येत गेले. हेतू चांगलाच होता. बाजारात नवे लॅपटॉप येतात, त्यांच्या नव्या चिपा जुन्या कर्नलला ओळखू येत नाहीत. पण ज्याचा लॅपटॉप जुनाच आहे, त्याच्याही वाट्याला हा नवेपणा येतो.

लिनक्सने या अडचणीची सोय पहिल्यापासून करून ठेवली आहे आणि ती लोकांना माहीत नसणे हीच खरी हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. नवा कर्नल आला म्हणून जुना लगेच पुसला जात नाही. निदान एक आधीचा कर्नल डिस्कवर जपून ठेवलेला असतो. लॅपटॉप सुरू होताना, कंपनीचे बोधचिन्ह दिसताच, एस्केपचे बटण दाबायचे. जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरायचे. ‘ग्रब’ नावाची यादी समोर येते. तीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ ही दुसरी ओळ निवडली की डिस्कवरचे सगळे कर्नल क्रमांकासह दिसतात. आधीचा निवडून एंटर दाबायचे.

वायफाय परत आले, तर निदान झाले. कार्ड शाबूत आहे, अँटेना शाबूत आहे, स्क्रू खोलायचे काहीच कारण नाही. जुन्या कर्नलमध्येही वायफाय नसेल, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे खरे असण्याची शक्यता वाढते. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि फुकट आहे. ती केल्याशिवाय कुणी लॅपटॉपचे झाकण उघडू नये.

या परीक्षेआधी लॅपटॉप नुसता रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करायला हवा. काही कार्डांच्या पोटात आधीची अवस्था तशीच राहून जाते आणि वीज पूर्ण तुटल्यावरच ती पुसली जाते. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना तर हे हमखास भोवते. विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. त्यानंतर लिनक्स सुरू केले की वायफायचे कार्ड अर्धवट झोपेत सापडते आणि दोष कर्नलच्या माथी मारला जातो.

आता वायफायकडेच जरा सावकाश पाहू, कारण सर्वांत जास्त तक्रारी तिथूनच येतात. स्वस्त लॅपटॉपांत बहुधा रिअलटेक कंपनीच्या चिपा असतात. एचपीच्या कितीतरी लॅपटॉपांत ‘आरटीएल ८७२३ बीई’ ही चिप बसवलेली होती. या चिपेला दोन अँटेना जोडायची सोय आहे. खर्च वाचवायला एकच अँटेना बसवली गेली आणि ती काही यंत्रांत दुसऱ्या टोकाला जोडली गेली. विंडोजच्या ड्रायव्हरला ही गोष्ट सांगितलेली असे; लिनक्सच्या ड्रायव्हरला ती कळायला मार्ग नव्हता. तो पहिल्या, रिकाम्या टोकावर कान लावून बसे. राउटर शेजारच्या खोलीत असला तरी रेंज एक कांडी.

या अडचणीचा इलाज ड्रायव्हरमध्येच केला गेला. ‘अँट-सेल’ नावाचे एक निवडीचे कलम त्यात घातले. सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहून त्याची किंमत १ किंवा २ ठेवली की ड्रायव्हर योग्य अँटेनाकडे वळतो आणि रेंज भरून येते. रिअलटेकच्या ड्रायव्हरांची अशी डागडुजी वर्षानुवर्षे करणारा माणूस म्हणजे लॅरी फिंगर. अमेरिकेतला हा निवृत्त गृहस्थ स्वयंसेवक म्हणून हे काम करत राहिला. त्याच्या नावावर कर्नलमध्ये १,५०० हून अधिक बदल आहेत. जून २०२४ मध्ये, ऐंशी पार केलेल्या वयात त्याचे निधन झाले. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतले वायफाय त्याच्या कामावर चालते, आणि त्या घरांत त्याचे नाव कुणी ऐकलेले नाही. ते ऐकायला हवे.

वायफाय बंद पडले की पुढची पंचाईत अशी की इलाज शोधायला लागणारे इंटरनेटही बंद होते. त्यावर तोडगा खिशात असतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचे. याला लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये फार पूर्वीपासून आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. लॅपटॉपला फोन म्हणजे तारेने आलेले इंटरनेटच वाटते.

काही ड्रायव्हर कर्नलच्या घरातले नसतात, बाहेरचे असतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डाचा कंपनीने दिलेला ड्रायव्हर, ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिपांचा ड्रायव्हर, आणि कुणीतरी कुठून तरी उतरवून बसवलेले रिअलटेकचे ड्रायव्हर या जातीचे. कर्नल बदलला की त्यांना नव्या कर्नलसाठी पुन्हा घडवावे लागते. हे काम ‘डीकेएमएस’ नावाची व्यवस्था आपोआप करते. डेल कंपनीने ती २००३ च्या सुमारास तयार केली. पण कर्नलच्या आतली रचना बदललेली असेल आणि बाहेरच्या ड्रायव्हरला ते माहीत नसेल, तर घडण मध्येच फसते. अपडेटच्या वेळी झरझर सरकणाऱ्या ओळींत तशी सूचना येऊन जाते, आणि ती कुणी वाचत नाही.

घडण नीट झाली तरी आणखी एक पहारेकरी असतो, सिक्युअर बूट. सही नसलेला ड्रायव्हर तो आत घेत नाही. बाहेरचा ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन दाखवून तो परत विचारते. ती निळी स्क्रीन पाहून लोक घाबरतात, ‘कंटिन्यू बूट’ दाबून पुढे जातात. किल्ली नोंदवलीच जात नाही आणि ड्रायव्हर दाराबाहेर राहतो. या ठिकाणी ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. कित्येक लॅपटॉपांचा ‘बिघाड’ एवढ्याने मिटतो.

नेमके काय अडले, हे कर्नल स्वतः सांगतो. टर्मिनलमध्ये ‘डी-मेसेज’ ही आज्ञा दिली की यंत्र सुरू झाल्यापासूनची त्याची नोंदवही उघडते. अमुक फर्मवेअर भरता आले नाही, ‘एरर -२’, अशी ओळ दिसली तर अर्थ सरळ आहे: चिपेला सुरुवातीला भरवायची फाइल डिस्कवर सापडली नाही. नव्या कर्नलचा ड्रायव्हर फर्मवेअरची नवी आवृत्ती मागतो आणि फर्मवेअरचे पॅकेज जुनेच राहिलेले असते. ते अपडेट केले की काम होते. ‘आरएफ-किल’ या आज्ञेने वायफाय मुद्दाम बंद ठेवले आहे का ते कळते, कारण कधी कधी कीबोर्डवरचे विमानाचे बटण चुकून दाबले गेलेले असते. आणि ‘एलएसपीसीआय’ ला ‘-के’ जोडले की प्रत्येक भागासमोर त्याचा ड्रायव्हर लिहून येतो. ज्या भागासमोर ड्रायव्हरचे नाव नाही, तो अनाथ.

आवाजाचा आणि झोपेचा विषय थोडक्यात सांगता येईल. इंटेलच्या नव्या चिपांसाठी आवाज हाताळण्याची वेगळी पद्धत २०१९-२० च्या सुमारास कर्नलमध्ये आली. ती काही लॅपटॉपांना जुळली नाही आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरऐवजी ‘डमी आउटपुट’ दिसू लागले. कर्नलला सुरू होतानाच जुनी पद्धत वापर असे सांगता येते. झाकण मिटल्यावर बॅटरी रात्रभरात उतरत असेल, तर कर्नलने गाढ झोपेऐवजी हलकी झोप निवडलेली असते. जुन्या यंत्रांत गाढ झोप मागून घेता येते. स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होईनासा झाला, तर त्यालाही कर्नलला सुरू होताना सांगायचे असेच एक वाक्य आहे. ६.१ या कर्नलसाठी स्क्रीनच्या उजेडाची सगळी व्यवस्था नव्याने मांडायचे ठरले, तेव्हा रेड हॅट कंपनीचे हान्स द गुडे यांनी २०२२ मध्ये लोकांना आधीच जाहीर आवाहन केले होते की आपापल्या जुन्या लॅपटॉपांवर हे तपासून कळवा.

लॅपटॉपला खरीखुरी इजा होईल असा कर्नल मात्र क्वचितच निघतो. जेव्हा निघाला, तेव्हाच्या दोन घटना सविस्तर सांगण्यासारख्या आहेत.

पहिली २०१७ ची. ऑक्टोबरमध्ये उबुंटूची १७.१० ही आवृत्ती आली. तिच्यातल्या ४.१३ कर्नलमध्ये इंटेलचा एक ड्रायव्हर चालू ठेवलेला होता. मदरबोर्डवरच्या ज्या चिपेत बायोस साठवलेला असतो, तिच्याशी तो बोलत असे. लेनोव्होच्या अनेक मॉडेलांवर, आपल्याकडेही भरपूर खपलेल्या जी आणि बी मालिकांतल्या काही लॅपटॉपांवर, या ड्रायव्हरमुळे ती चिप लिहिण्यास बंद झाली. बायोसमध्ये केलेला कुठलाही बदल टिकेना. काही यंत्रे पेनड्राइव्हवरून सुरू होईनात, म्हणजे दुसरी सिस्टीम बसवायची वाटही बंद. एसर आणि तोशिबाच्या काही यंत्रांवरही हेच झाले. डिसेंबरमध्ये उबुंटूने ही आवृत्ती डाउनलोडवरून काढून घेतली आणि १२ जानेवारी २०१८ ला दुरुस्त केलेली परत ठेवली.

ज्यांचे लॅपटॉप अडकले होते, त्यांतल्या पुष्कळांनी मदरबोर्ड बदलायची तयारी केली होती. पण कर्नलच्या जाणकारांनी आणखी खोल पाहिले. बायोसची चिप जळलेली नव्हती, तिच्यातली लेखन रोखणारी खूण तेवढी चालू होऊन बसली होती. दुरुस्त केलेला नवा कर्नल त्या लॅपटॉपवर एकदा सुरू करायचा, यंत्र परत रीस्टार्ट करायचे, की बायोस पुन्हा लिहिता येऊ लागे. हजारो रुपयांचा मदरबोर्ड एका रीस्टार्टने वाचला.

दुसरी घटना २०२२ ची. २८ सप्टेंबरला ५.१९.१२ हा कर्नल बाहेर पडला. ही मोठी नवी आवृत्ती नव्हती. आधीच्या चुका दुरुस्त करणारा नेहमीचा छोटा हप्ता होता. तो घेताच इंटेल ग्राफिक्स असलेल्या काही लॅपटॉपांच्या स्क्रीन पांढऱ्या लखलखू लागल्या. इंटेलचे इंजिनिअर विले सिर्याला यांनी लोकांनी पाठवलेल्या नोंदी तपासल्या, तेव्हा कळले की स्क्रीनला वीज देण्याच्या आणि तोडण्याच्या मधल्या वेळा कर्नल भलत्याच ठरवतो आहे. अशाने एलसीडीचे पॅनेल कायमचे खराबही होऊ शकते, म्हणून हा कर्नल चालवू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते बदल मागे घेतले आणि ४ ऑक्टोबरला ५.१९.१३ बाहेर पडला. मधे सहा दिवस गेले.

झळ बसली ती आर्च किंवा फेडोरासारख्या, नवा कर्नल चटकन उचलणाऱ्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना. उबुंटूसारखी आवृत्ती कर्नल थोडा निवल्यावर देते. तालुक्याच्या गावी, कामाच्या लॅपटॉपवर काय ठेवावे याचे उत्तर या घटनेत आहे. रोज नवे हवे असणाऱ्यांनी आर्च जरूर वापरावे. ज्याला सोमवारी सकाळी ग्राहकाचा सात-बारा काढून द्यायचा आहे, त्याने वापरू नये.

महाराष्ट्रात लिनक्सचे लॅपटॉप खेड्यात नेण्याचा एक प्रयोग २०१७ च्या त्या घटनेच्याही दहा वर्षे आधी झाला होता. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचा एक्सओ हा हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाडा इथल्या शाळेतल्या मुलांच्या हाती आला. त्यात ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडीचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि फेडोरावर आधारलेली लिनक्स होती. या लॅपटॉपचा टचपॅड जगभर कुप्रसिद्ध झाला. उष्णता, दमटपणा, घामेजलेली बोटे यांनी तो बिचकायचा आणि बाण स्क्रीनभर उड्या मारू लागायचा. मुलांना एक युक्ती शिकवली जाई: कीबोर्डच्या चार कोपऱ्यांतली चार बटणे एकदम दाबायची, की टचपॅड पुन्हा स्वतःला जुळवून घेतो.

टचपॅड बदलणे परवडणारे नव्हते, कारण यंत्रे लाखांच्या संख्येने जगभर गेलेली होती. २००८ मध्ये या टचपॅडसाठी वेगळा ड्रायव्हर लिहिला गेला आणि तो मुख्य कर्नलमध्ये आला. बाण अचानक लांब उडी मारतो आहे किंवा बोट नसताना संदेशांचा भडिमार होतो आहे, हे ओळखून तो स्वतःच टचपॅडला जुळणी करायला लावतो. मुलांची चार बटणांची युक्ती अशी कर्नलच्या ओळींत गेली. कर्नलचे अपडेट म्हणजे नेहमी संकटच असते असे मानणाऱ्यांनी एक्सओचा हा टचपॅड लक्षात ठेवावा. ज्या भागातले दोष कारखान्यातच राहून गेले, तेही पुढे नव्या कर्नलने सावरले आहेत.

विदर्भात अशा बिघाडाचे आणखी एक कारण विसरता येत नाही. ते म्हणजे वीज. बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट प्लगवर चालवायचा, अपडेट लावायचे आणि तेवढ्यात वीज जायची. कर्नल डिस्कवर उतरलेला असतो, पण त्याच्यासोबत लागणारी ‘इनिट-रॅम-एफएस’ ही फाइल तयार व्हायची राहून जाते. वीज आल्यावर लॅपटॉप ‘कर्नल पॅनिक’ म्हणून काळ्या स्क्रीनवर थबकतो. रूट फाइलसिस्टीम जोडता आली नाही, असा मजकूर दिसतो. डिस्क उडाली असे समजून लोक नवी एसएसडी आणायला निघतात. इथेही ग्रबच्या यादीतून जुना कर्नल सुरू करायचा, पॅकेज बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला अर्धवट राहिलेले काम पुरे करायला सांगायचे आणि ती फाइल पुन्हा बनवून घ्यायची. डिस्क एन्क्रिप्ट करून उबुंटू बसवले असेल, तर कर्नल ठेवायची ‘बूट’ ही वेगळी, छोटी जागा असते. ती जुन्या कर्नलांनी भरली की वीज न जाताही हेच होते. अधूनमधून नको असलेले कर्नल काढून टाकावेत, पण चालता असलेला एक जुना कर्नल कधीही काढू नये.

तात्पुरती सोय झाली, जुन्या कर्नलवर काम चालू झाले, म्हणजे प्रश्न संपला असे नाही. ‘एपीटी-मार्क होल्ड’ ही आज्ञा देऊन नवे कर्नल अडवून ठेवता येतात. पण त्यांच्यासोबत सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात. पैशाचे व्यवहार होणाऱ्या लॅपटॉपवर असा अडसर महिनोन् महिने ठेवणे धोक्याचे आहे. उबुंटू २२.०४ वाल्यांना याहून बरा रस्ता आहे: पुढे पुढे सरकणाऱ्या कर्नलऐवजी मूळच्या ५.१५ लाच धरून राहायचे. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२७ पर्यंत मिळत राहणार आहेत आणि जुन्या यंत्रासाठी ५.१५ पुरेसा आहे.

आणि बिघाड कळवायचा. कर्नलच्या जगात एक नियम कडक पाळला जातो: आधी चालणारी गोष्ट नव्या कर्नलने बंद पडली, तर चूक कर्नलची. वापरणाऱ्याने जुळवून घ्यावे असे कुणी म्हणत नाही. अशा मागे गेलेल्या गोष्टींना तिथे ‘रिग्रेशन’ म्हणतात आणि त्यांचा पाठपुरावा करण्याचे काम जर्मनीतले थॉर्स्टन लीमहुइस करतात. चौदा हजार बदलांतला नेमका कोणता नडला, हे शोधायची पद्धतही ठरलेली आहे. मधला कर्नल तपासायचा. बिघाड असेल तर आधीची निम्मी, नसेल तर नंतरची निम्मी. दर वेळी उरलेले निम्मे होत जातात आणि चौदा चाचण्यांत एकच बदल हाती उरतो. मराठवाड्या-विदर्भातल्या अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवाच असेल, तर याहून चांगला सापडणार नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर कर्नल घडवता येतो आणि गावातल्या जुन्या लॅपटॉपांवर तो तपासता येतो.

कारण कर्नल लिहिणाऱ्याकडे तो लॅपटॉप नसतो. फिनलंडमधल्या किंवा नेदरलँड्समधल्या इंजिनिअरला मंगरूळपीरमध्ये वापरात असलेले सहा वर्षांपूर्वीचे स्वस्त मॉडेल कधी पाहायलाही मिळणार नाही. लेनोव्होच्या आयडियापॅड ३३० वर लिनक्समध्ये टचपॅड चालत नसे. टचपॅड नेहमीचाच, इलॅन कंपनीचा होता. फक्त त्याचा ओळख क्रमांक कर्नलच्या यादीत नव्हता. २०१८ मध्ये त्या यादीत एक ओळ वाढली आणि टचपॅड चालू लागला. अशी ओळ वाढवण्यासाठी लागते ती माहिती पाठवायला फार इंग्रजी लागत नाही: लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल, कोणत्या क्रमांकाच्या कर्नलपर्यंत तो भाग चालत होता, कोणत्या क्रमांकापासून बंद पडला, आणि दोन्ही कर्नलांच्या ‘डी-मेसेज’च्या नोंदी, एकही ओळ न कापता.